माय गाडी पोचवून आली

बॉनेट उचललं तर आतल्या पत्र्याला कुंभारमाशीचं घर चिकटलेलं होतं, मातीचं, रिकामं. मायनं ते नखानं हळूच सोडवलं आणि फेकून न देता शेडच्या बल्लीवर, आडव्या लाकडावर, ठेवलं. मग पदर खोचला. "चाल," म्हणाली, "आता इची तब्येत पाहू."

लाखांदूरला आमच्या घराला लागून टिनाचं शेड आहे आणि त्यात आमची जुनी डिझेल पिकअप उभी असते. आम्ही तिला नुसतं गाडी म्हणतो. तिचा रंग कधीकाळी निळा होता. आता दारावर हात फिरवला तर तळहाताला निळसर भुकटी लागते. मी नागपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी उरकत आली होती, तेव्हा मायचा फोन आला, की गाडी इकली. कारध्याच्या एका जोडप्यानं घेतली होती, आपल्या वाडीतला भाजीपाला नदीपलीकडे भंडाऱ्याच्या बाजारात न्यायला.

"मंग नेतीन ना ते लोक येऊन," मी म्हटलं.

"ते कायले नेतीन? मीच नेऊन देईन. पन चालूच नाही होऊन राहिली. तू ये दोन दिवस."

म्हणून मी आले होते. माय सत्तरीच्या घरात आहे. जिना चढताना गुडघे धरते, पण स्टिअरिंगवर बसली की तिचे गुडघे दुखत नाहीत, असं तीच सांगते. त्या दिवशी तिनं माझ्यासमोर किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, दोनदा खोकल्यासारखं झालं, पांढऱ्या धुराची एक गुंडाळी मागून निघाली आणि सगळं गप्प. तो आवाज ऐकून मला शेडच्या दाराशी उभं राहवेना. इतक्या वर्षांत ही गाडी रुसलेली मी पाहिली होती. अशी थकलेली पाहिली नव्हती.

मनोहर मिस्त्री आला. त्याचं गॅरेज बसस्टँडच्या मागं आहे आणि त्याच्या आधी त्याचे वडीलही हिचंच काम करायचे. त्यानं ऑइलची काडी उपसली, वास घेतला आणि मायच्या नाकापुढं धरली.

"काय वास येते, काकू?"

"डिझेलचा."

"तेच. फीड पंप गेला. डिझेल वर उचलत नाही, आन् जे उचलते ते ऑइलात सोडून राहिला."

पिकअपची टाकी खाली, मागं असते आणि इंजिन वर, पुढं. टाकीतलं डिझेल उचलून इंजिनापर्यंत आणायला मधात एक मुठीएवढा पंप असतो. त्याच्या पोटात रबराचा पडदा हलत राहतो. आमच्या गाडीचा तो पडदा फाटला होता.

"नवा पंप भंडाऱ्याहून बोलवा लागंल," मनोहर म्हणाला. "सकाळच्या एसटीनं येईल. नाही तं एक काम करू. टपावर डिझेलचा कॅन बांधू, तिथून सरळ फिल्टरले नळी. डिझेल आपोआप खाली उतरते. कारध्यापर्यंत जाईन आरामात. पुढचं ते लोक पाहून घेतीन."

माय चष्मा काढून पदरानं पुसत राहिली.

"तसं एकदा केलं होतं आमी," ती म्हणाली. "तवा कॅन धराले माणूस होता." चष्मा परत घातला. "आन् इकाची तं धडधाकट इकाची. तू पंप बोलाव."

जुना पंप दोन बोल्टांवर बसवलेला होता. एक बोल्ट निघाला. दुसरा इतका गंजला होता की पाना घसरत होता. मनोहरनं दोनदा जोर लावला आणि थांबला. "आता वढलं तं तुटन," तो म्हणाला. त्यानं बोल्टच्या मुळाशी गंज काढायचं तेल सोडलं, वरून चिंधी गुंडाळली आणि सकाळी येतो म्हणून गेला.

दुपार आमच्या हाती आली, करण्यासारखं काही नसलेली. मायनं गाडीचा मागचा फाळका खाली पाडला. आम्ही दोघी त्यावर पाय सोडून बसलो आणि तिथंच ताट घेऊन जेवलो. नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. जेवताना मी गाडीच्या फळ्यांना नाक लावलं. माय हसली. पण वास अजून होता. फार खाली, लाकडाच्या आत, पण होता.

तो वास सांगणं कठीण आहे. बाबांचं बिछायत केंद्र होतं. आमच्या भागात लग्न असो, बारसं असो, विहारातली पौर्णिमा असो की दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावजत्रा, असो, जिथं माणसं बसणार तिथं सतरंज्या, गाद्या, मंडपाचे कापड, मोठमोठे गंज, म्हणजे पातेली, आणि कढया भाड्यानं न्यायच्या आणि परत आणायच्या, हा आमचा धंदा. जाताना गाडीला धुतलेल्या कापडाचा आणि बांबूचा वास असायचा. येताना मात्र ती अख्खं लग्न अंगावर घेऊन यायची. हळद, भाजीचा रस्सा, सुकलेला झेंडू, उदबत्ती, लहान मुलांनी सांडलेलं ताक, म्हाताऱ्यांचा तंबाखू. मला एखाद्या लग्नाला नेलं नाही तरी दुसऱ्या दिवशी फाळका पडला की त्या घरचं जेवण कसं झालं असेल ते कळायचं.

सतरंज्या आम्ही तलावावर धुवायचो. ओल्या सतरंजीला चार माणसांचं वजन येतं. माय आणि मी दोन टोकं धरून पिळायचो. ती उजवीकडे, मी डावीकडे, आणि पाणी आमच्या पायांवर रंगीत होऊन पडायचं. मग तलावाच्या पाळीवर, बांधावर, त्या वाळत घालायच्या. लाल, निळे, हिरवे पट्टे पार सांडव्यापर्यंत. बगळे येऊन त्यांच्यावर चालायचे आणि माय त्यांना हाकलायची नाही.

धुण्याआधी सतरंजी झटकायची, त्यात काय काय निघायचं. केसांच्या पिना, सुपारीची खांडं, बटणं, अक्षता, पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या. एकदा चांदीचा लहानसा वाळा निघाला, तान्ह्या पोराचा. त्या आठवड्यात आम्ही तीन गावी सामान दिलं होतं. माय तो वाळा पदराच्या टोकाला बांधून तिन्ही गावी जाऊन आली आणि शेवटच्या गावात एका पोरीच्या मांडीवरच्या बाळाच्या पायात तो बसला. ती पोर रडली, तिची सासू रडली, आणि मायला त्यांनी जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. घरी आल्यावर माय बाबांना म्हणाली, "वाळा माह्या करंगळीतही गेला नसता, एवढुसे पाय." बाबांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "दाखव, किती एवढुसे?" मायनं त्यांच्या तळहातावर बोटानं तो पाय काढून दाखवला.

कारण तोवर बाबांना दिसणं कमी झालं होतं.

ते कसं झालं, कोणाकोणाला दाखवलं, हे सारं घरातल्या मोठ्यांना ठाऊक. माझ्या आठवणीत बाबा आधी फार लांबचं ओळखायचे, पाळीवरच्या माणसाचं नाव सांगायचे. आणि मग एका थंडीत ते ताटातलं मीठ चाचपून घ्यायला लागले. गाडी शेडात उभी राहिली. काही लग्नं आम्ही भाड्याचा ड्रायवर घेऊन केली. तो क्लचवर पाय ठेवूनच चालवतो, हे बाबांना घरात बसून, गाडी वळणावरून येतानाच्या आवाजावरून कळायचं आणि त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

"तू शिक," ते मायला म्हणाले.

"मी?"

"मंग कोन? शेजारची?"

उन्हाळ्यात तलाव आटायचा. मधात थोडं पाणी, त्यात म्हशी, आणि बाकी सगळी भेगाळलेली माती, तिच्यावर कोवळं गवत. चिखल वाळतानाचा आणि मेलेल्या मासोळ्यांचा वास. त्या तलावात माय गाडी शिकली. तिच्या डाव्या हाताला बाबा, आणि मी दोघांच्या मधात, गिअरच्या काठीला गुडघे लागणार नाहीत अशी. बाबा समोर पाहत नसत. मान थोडी खाली घालून ते इंजिन ऐकत.

"आता आयक, काय म्हनून राहिली ते?"

"मले काय समजते?"

"दम लागला म्हन्ते. खालचा गिअर टाक."

गाडी गचके देत बंद पडायची. माय हात झाडायची, पदर सावरायची, परत किल्ली फिरवायची. माझं काम समोरचं सांगायचं होतं. "बाबा, मोहाचं झाड आलं." "कोन्या बाजूनं?" "उजव्या." "मंग डावा घे वो," बाबा तिला सांगायचे. "ते मलेही दिसते," माय म्हणायची, आणि आम्ही तिघंही हसायचो. काठावरच्या मोहाखाली सकाळी वेचून उरलेली फुलं पडलेली असायची आणि चाकाखाली ती चिरडली की साऱ्या केबिनमध्ये गोड, जड वास भरायचा.

एका सकाळी मायनं गाडी तलावातून पाळीवर चढवली. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं दुसऱ्यात घेतली, आवाज ऐकला, पहिल्यात टाकली आणि चढवली. पाळीवरून घरापर्यंत आली. बायका विहिरीवर धुणं धूत होत्या, त्या ओले कपडे हातात घेऊन उभ्या राहिल्या. बाबांनी खिडकीबाहेर हात काढून ठेवला होता, वारा लागावा म्हणून, आणि त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

पुढची कितीतरी वर्षं लोक विचारायचे, "ड्रायवर कोठी आहे?" माय खिडकीतून म्हणायची, "तुमच्यासंगं बोलून कोन राहिलं मंग?"

कॅनची गोष्ट त्याच काळातली. चुलबंद नदीच्या पल्याड एका गावी लग्न होतं, भर दुपारचं. सकाळी निघालो आणि अर्ध्या रस्त्यात, चढावर, गाडी अशीच खोकून बंद पडली. दोन्ही बाजूंना पळस आणि कोणी माणूस नाही. मागं सगळं बिऱ्हाड. गाद्या, सतरंज्या, वऱ्हाडाच्या जेवणाचे गंज. मायनं बॉनेट उघडलं. बाबा उतरले, पंपापर्यंत हात नेला, त्याची लिव्हर वर-खाली केली आणि म्हणाले, "पंप रिकामा खेळून राहिला. डिझेल येत नाही."

"मंग?"

"खालून वर येत नाही तं वरून खाली आनू."

मागं डिझेलचा कॅन होता, तो नेहमीच असायचा. ड्रममधून पाणी काढायची पातळ नळीही होती. नळीचं एक टोक बाबांनी चाचपून फिल्टरला बसवलं, मायनं तार पिळून घट्ट केलं. बॉनेट पूर्ण लागेना, तर ते दोरीनं बांधलं. आणि कॅन? टपावर नुसता ठेवला तर पडणार. तेव्हा बाबा गाद्यांच्या ढिगावर चढून बसले, केबिनच्या मागं, उंच, आणि कॅन मांडीवर घेतला. वारंवार तो हलवून किती उरलं ते ते ऐकायचे.

तसे आम्ही निघालो. माय बैलगाडीच्या चालीनं चालवत होती. गावागावांत लोक थांबून पाहत होते. बाबा पांढऱ्या पायजम्यात, डोक्याला दुपट्टा, कॅनला दोन्ही हातांनी धरून बसलेले. एका गावात म्हातारी आपल्या नातवाला म्हणाली, "नवरदेवाचा बाप दिसते." बाबांनी वरूनच तिला हात जोडले. लग्नाच्या गावात पोचलो तर नवरीची आई रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं शेजारच्या घरांतून गोधड्या गोळा करायला सुरुवात केली होती. माय खाली उतरल्याबरोबर तिनं मायचे दोन्ही हात धरले. वऱ्हाड येईपर्यंत मंडपात आमच्या सतरंज्या अंथरून झाल्या होत्या.

बाबांच्या अंगाला डिझेलचा इतका वास येत होता की ते पंगतीत बसलेच नाहीत. माय दोन पत्रावळी घेऊन गाडीपाशी आली. आम्ही चाकाच्या सावलीत बसलो. बाबा बोट चाटत म्हणाले, "आज गाडी आपन दोघांनी चालवली."

"आजच काय," माय म्हणाली आणि त्यांच्या पत्रावळीवर बुंदी सरकवली.

पावसाळ्यात लग्नं नसत. मग गाडी शेडात असायची आणि टिनावर पाऊस वाजत राहायचा. धानाच्या बांध्यांमध्ये रोपांची रोवणी चालू असायची, माय आणि मी गुडघाभर चिखलात, आणि घरी बाबा एकटे. दर बाजाराच्या दिवशी ते शेडात जायचे, गाडीत बसायचे, किल्ली फिरवायचे आणि थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचे. कुठं जायचं नसायचं. बांधीतून आम्हाला तो आवाज यायचा. माय पाठ सरळ करायची, हातातली रोपांची जुडी तशीच धरून ऐकायची आणि परत वाकायची. एका वर्षी कोंबडीनं ड्रायवरच्या सीटवर अंडी घातली, तर बाबांनी पिल्लं निघेपर्यंत शेजारच्या सीटवर बसून, हात लांबवून किल्ली फिरवली.

बाबा गेले तेव्हा आमच्याच सतरंज्या आमच्या अंगणात अंथरल्या होत्या. मी त्यांवर कधी बसले नव्हते. आम्ही अंथरायचो, उचलायचो. त्या दिवशी पहिल्यांदा बसले आणि खालचे पट्टे अनोळखी वाटले.

सकाळच्या एसटीनं पंप आला. कंडक्टरनं पुडकं मनोहरच्या हाती दिलं आणि तो तसाच शेडात आला. चिंधी काढली, पाना लावला. माय हाताची घडी घालून उभी होती. पाना हलला नाही. मनोहरनं पान्यावर हातोडीचे हलके टोले दिले, टकटक, दार वाजवल्यासारखे, आणि परत वळवला. या वेळी कर्र असा आवाज झाला. मला वाटलं तुटला. तुटला नव्हता. निघत होता, आणि आट्याआट्यानं पूर्ण निघाला.

जुना पंप मनोहरनं मायच्या तळहातावर ठेवला. काळा, तेलकट. मायनं तो उलटा करून पाहिला, त्याच्या बाजूची लिव्हर अंगठ्यानं दाबली. आतून फाटलेल्या पडद्याचा ओला आवाज आला. तिनं तो ओट्यावर नेऊन ठेवला आणि हात न धुता परत आली.

मनोहरनं सगळं जुनं ऑइल काढलं, नवं भरलं. पंपाच्या जागेवरचा जुना कागदी पॅकिंगचा थर पात्यानं खरवडला, नवा बसवला आणि पंप दोन्ही बोल्टांवर आवळला. नळ्या जोडल्या. आता नळ्यांत शिरलेली हवा बाहेर काढायची होती. हवा राहिली तर गाडी चालू होऊनही रस्त्यात बंद पडणार. हे काम एका माणसाचं नाही. एकानं पंपाची लिव्हर मारत राहायची आणि दुसऱ्यानं फिल्टरवरचा स्क्रू ढिला धरून तिथून काय निघतं ते पाहायचं.

"मी मारतो, ताई, तुमी स्क्रू पाहा," मनोहर म्हणाला.

"लिवर मी मारीन," माय म्हणाली.

ती वाकली. तिचा हात इंजिनाच्या बाजूनं आत गेला आणि लिव्हर हलायला लागली. मी पाना धरून स्क्रूकडे पाहत होते. आधी नुसतं फुसफुसलं. मायच्या बांगड्या लोखंडावर वाजत होत्या. फेस आला, पिवळट, लाळेसारखा, आणि परत गेला. तिचा श्वास मोठा झाला. "माय, दे माह्याकडं," मी म्हटलं. तिनं मान हलवली. "तू पाहाय. काय निघून राहिलं?"

"बुडबुडे."

"मोठे का लहान?"

"मोठे."

लिव्हर हलत राहिली. "आता?"

"लहान झाले, माय."

"मंग येते," ती म्हणाली.

आणि आलं. माझ्या बोटांवरून स्वच्छ, थंड धार वाहिली, एकही बुडबुडा नसलेली. डिझेलचा वास चढला आणि क्षणभर मला शेड दिसेनासं झालं. "आवळा, ताई, आवळा," मनोहर म्हणत होता. मी स्क्रू आवळला.

मायनं किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, थांबलं, परत घरघरलं आणि एकदम पकडलं. शेडचं टिन थरथरायला लागलं. बल्लीवरची चिमणी उडाली. मायनं अॅक्सिलेटर दिला नाही. ती तशीच बसून राहिली, मान थोडी खाली घालून. मला ते बसणं ओळखीचं होतं. 

आम्ही लगेच निघालो. साकोलीपर्यंत दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, धानाचे रचलेले पुंजणे, कुठं मशीन लावून चुरणं, म्हणजे मळणी, चाललेलं. पुढं मोठा रस्ता लागला, मोठमोठे ट्रक सपासप जाऊ लागले. माय आपल्या डाव्या कडेनं, तिच्या चालीनं. मी दोनदा विचारलं, थकली का. ती म्हणाली, "आवाज सरळ आहे." लाखनीच्या पुढं थांबून आम्ही चहा घेतला. तिनं गाडी बंद केली, चहा पिऊन परत चालू केली. पहिल्या फेऱ्यातच लागली. तेव्हा कुठं तिच्या खांद्यांतला ताठपणा सैल झालेला मला दिसला.

कारध्याचं ते घर नदीच्या बाजूला होतं. देवराव आणि सुनंदा, पस्तिशीच्या आतबाहेरची दोघं. गाडीच्या आवाजानं दोघंही बाहेर आली.

"मावशी, तुमी खुद घेऊन आल्या?" देवराव म्हणाला.

"मंग काय उडून येते?"

तिनं त्याला सगळं दाखवलं. कोणता दरवाजा उचलून लावावा लागतो, हॉर्न कुठं दाबला तर वाजतो. पंप नवा बसवला तेही सांगितलं. देवरावनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग मायनं सुनंदाला हाक मारली. ती दाराशीच उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन.

"तू इकडे ये वो, बाई. आत हात घाल. ते लिवर लागते का हाताले?"

सुनंदा हसली. "मले काय कराचं? गाडी तं हे चालवतीन."

"चालवतीन ते. पन रस्त्यात हवा घेतली तं एकानं लिवर माराचं आन् एकानं स्क्रू धराचा. एकट्यानं नाही होत. घाल हात."

सुनंदानं तांब्या खाली ठेवला. तिच्या हिरव्या बांगड्या आत गेल्या. मायनं वरून तिचा हात धरून एकदा चाल दाखवली, मग सोडला. देवराव स्क्रूपाशी उभा राहिला. डिझेल त्याच्या मनगटावर उडालं आणि सुनंदा खळखळून हसली, तरी लिव्हर मारायची थांबली नाही. "लय जोर नको देऊ," माय म्हणाली. "ते आपोआप वढते."

निघताना मायनं ड्रायवरच्या सीटवरची सतरंजीची घडी काढून काखेत घेतली. तिची उंची कमी, ती त्या घडीवर बसूनच चालवायची. दोन पावलं आली आणि सुनंदाकडे वळून तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुनंदाही तिच्याएवढीच होती. माय परत गेली आणि घडी सीटवर ठेवून दार लावलं. उचलून, जसं लावावं लागतं तसं. किल्ली देवरावला दिली. त्यांनी जेवायला थांबवलं, पण ती थांबली नाही. चहा घेतला. सुनंदानं वांगी आणि टमाटर पिशवीत भरून दिले.

भंडाऱ्याहून लाखांदूरला जाणारी बस मिळाली. मी मायला खिडकीजवळ बसवलं. मला भीती होती ती रडेल याची.  तिनं पिशवी पायांत ठेवली, हात मांडीवर, आणि बाहेर पाहायला लागली. बराच वेळ गेला.

"हे तळं आधी होतं काय वो इथं?" तिनं विचारलं.

"होतं ना, माय. मी लहान होती तवापासून आहे."

"आन् त्या बाजूचा डोंगर?"

"डोंगर कुठून येईन नवीन?"

ती मान डोलावत राहिली. "मी तं रस्ताच पायला," ती म्हणाली. "खड्डे, ढोरं, समोरून येनारा ट्रक. एवढ्या सालांत बाजूले काय आहे ते पाहाचं राहूनच गेलं."

मग ती काचेच्या जवळ सरकली. गावांच्या पाट्या हलक्या आवाजात वाचू लागली. तळ्यात कोणी शिंगाडे काढत होतं, ते मान वळवून मागं जाईपर्यंत पाहिलं. ऊन उतरायला लागलं होतं. माझा डोळा लागत होता. तेवढ्यात तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. हाताला अजून डिझेलचा वास होता.

"झोपू नको, बाई. ते पाहाय."

मी पाहिलं. शेतात एक बाई सूप उंच धरून उभी होती आणि तिच्यासमोर एक माणूस टोपली भरत होता. वाऱ्यानं कोंडा सोनेरी होऊन उडत होता.

"काय, माय?"

"काही नाही," माय म्हणाली. "धान उपनून राहिले." आणि ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिली.